मेलकावेरीच्या मैदानातला उजेड

मेलकावेरीच्या मैदानात त्या वर्षी पहिल्यांदाच दिव्यांखाली बॉल बॅडमिंटनची फायनल रंगली होती. कुंभकोणमविरुद्ध तंजावर, एकोणतीस गुणांचा शेवटचा डाव, सव्वीस-सव्वीस! सर्व्हिस कुंभकोणमच्या सेतुरामकडे होती. त्याची बहीण सरस्वती बाकावर चढून ओरडत होती. तिचा नवरा नरसिंह मांडवामागे, भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या आपल्या डिझेल जनरेटरपाशी टाचा उंचावून बघत होता.

सेतुरामनं चेंडू उडवला आणि लोक मैदानाभोवतीच्या दोराकडे सरसावले. दिव्याचा एक बांबू कलला, ठिणग्या उडाल्या आणि मैदान काळंकुट्ट झालं.

"नरसिंह, लवकर!" पंच शंकरनारायण ओरडले. "उजेड आला नाही तर करंडक दोघांत वाटावा लागेल!"

"वाटायचा?" अंधारातून सेतुराम किंचाळला. "भावोजी, काहीतरी करा!"

नरसिंहनं इंजिन थांबवलं. सरस्वतीनं टॉर्च धरला. बांबूखाली चेंगरून दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यानं तेवढा तुकडा कापून टाकला, नवा फ्यूज बसवला आणि हँडल मारलं. इंजिन धडधडू लागलं. लोकांनी टाळ्या पिटल्या, पण दिवे लागले नाहीत. मीटरचा काटा शून्यावरून हलेना.

त्यानं पुन्हा इंजिन बंद करून जनरेटरमधले कार्बनचे ब्रश काढले, पॉलिशकागदानं घासले, परत बसवले. तरी काटा तिथंच.

"इंजिन तर छान चालतंय," सरस्वती म्हणाली.

"इंजिनाला काही झालं नाही गं. आतल्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, त्याच्यावरच वीज तयार व्हायला लागते. शॉर्ट झाल्यानं तेच गेलंय." त्यानं एकदम मान वर केली. "बाहेरून क्षणभर वीज दिली तर ते परत येईल! मोटारीची बॅटरी हवी."

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. तिरुप्पनंदाळची बस! सरस्वतीनं पदर खोचला नि धावत जाऊन दोन्ही हात पसरून रस्त्यात उभी राहिली. ब्रेक करकरले.

"अम्मा, जीव द्यायचाय का?" ड्रायव्हर कृष्णमूर्ती तमिळमध्ये खेकसला.

"जरा बॅटरी द्या! फायनल आहे, सव्वीस-सव्वीस झालेत!"

"तंजावरशी?" त्यानं लगेच इंजिन बंद केलं. "अगोदर नाही सांगायचं!"

चौघांनी बॅटरी उचलून आणली. मागोमाग सगळे प्रवासी उतरले. नरसिंहनं मैदानाचा स्विच बंद ठेवला, इंजिन सुरू केलं आणि बॅटरीच्या दोन तारा जनरेटरमधल्या तारेच्या गुंडाळीला क्षणभर टेकवल्या. चट्ट! काटा थरथरला, उचलला गेला, चढतच गेला.

"चढला! चढला!" सरस्वती नाचायला लागली.

त्यानं स्विच ओढला. सगळं मैदान लख्ख झालं आणि असा कल्लोळ उठला की नदीपलीकडेही ऐकू गेला असेल.

कुंभकोणमचे सत्तावीस. मग तंजावरचे सत्तावीस, अठ्ठावीस. पुन्हा बरोबरी, अठ्ठावीस-अठ्ठावीस. सेतुरामनं उडी घेऊन चेंडू हाणला, तो जाळीला घासून पलीकडे पडला. कुंभकोणम जिंकलं! कृष्णमूर्तीनं कंडक्टरला उचलून गरगर फिरवलं.

नरसिंहची नजर मात्र अजून काट्यावरच होती. सरस्वती धापा टाकत आली.

"जिंकलो ना? शेवटचा पॉइंट कसा मिळाला, सांग की!" त्यानं विचारलं.

"हा असा!" म्हणत तिनं उडी मारली आणि हवेत हात फिरवला.