खोऱ्यातली माणसं

पौडच्या शाळेतले जयसिंग मास्तर कुमारांसाठी निघणाऱ्या राजेरजवाड्यांच्या कादंबऱ्यांची परीक्षणं लिहीत. पुण्याच्या एका मासिकाकडून बुकपोस्टानं पुस्तक यायचं, रविवारी मास्तर ते वाचायचे आणि सोमवारच्या टपालानं परीक्षण जायचं. मोबदला म्हणजे ते पुस्तकच. सात वर्षांत त्यांनी इतके युवराज गादीवर बसलेले पाहिले होते, की दरबार भरला की त्यांना जांभई यायची. परीक्षण मात्र ठरलेलं: कथानक वेगवान, भाषा ओघवती, चित्रे सुबक, कुमारांनी अवश्य वाचावे. उगाच कुणाचं मन दुखवायला नको.

याला कारण होतं. चार वर्षं खपून मास्तरांनी स्वतःच एक कादंबरी लिहिली होती, ‘नीलगडचा दरबार’. मासिकाचे संपादक पुस्तकंही छापत, म्हणून हस्तलिखित त्यांच्याकडे दिलं होतं. पुस्तकावर आपलं नाव छापलेलं बघायचं, एवढी एकच हाव त्या माणसाला होती. अशात संपादकांनीही एक कादंबरी लिहिली आणि परीक्षणाला मास्तरांकडेच धाडली. सोबत चिठ्ठी: ‘आपले नीलगड दिवाळीनंतर छपाईस घेण्याचा विचार आहे. तत्पूर्वी आमच्या पुस्तकाबद्दल चार शब्द यावेत.’ चार शब्द कोणते, हे न कळायला मास्तर काही दूधखुळे नव्हते.

मास्तर वाचायचे ते मोठ्यानं, कारण त्यांची आई, धोंडाबाई, ऐकायची. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण दरबाराची रीत मास्तरांपेक्षा तिला जास्त कळायची. ओसरीवर सूप घेऊन ती तांदूळ निवडत बसे. प्रधानानं तोंड उघडलं की “ह्यो मेला दगा देनार” म्हणून एक खडा अंगणात भिरकावी. प्रधान दगा द्यायचाच.

या पुस्तकात सातव्या प्रकरणात राणी रुसली. तिला नौकाविहार करायचा होता. राजानं जादूगाराला हुकूम सोडला, जादूगारानं छडी फिरवली आणि एका रात्रीत महालासमोरचं अख्खं खोरं पाण्यानं भरलं. सकाळी त्यावर सोन्याची नाव.

सुपातला हात थांबला. “आन् खोऱ्यातली मानसं?”

“कुठली मानसं?”

“खोरं म्हन्लं का मानसं आलीच की. ती कुटं गेली?”

मास्तरांनी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. “लिवलं न्हाई, आये. गोष्ट हाय ती.”

“फुडं आसंल. वाच.”

मास्तर वाचत राहिले. राणी हसली, प्रधान पकडला गेला, युवराजाचं लग्न लागलं. दर प्रकरण संपलं की धोंडाबाई विचारायची, “आली का?” पुस्तक संपलं तरी माणसं आली नाहीत. एरवी लग्नात जेवायला काय होतं हे ती खोदून खोदून विचारायची. आज सूप उचलून आत गेली.

तिचं सासर मुळशीच्या धरणात बुडालं होतं. दीड वर्षाच्या जयसिंगला काखोटीला मारून ती तिथून निघाली होती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी कधी बोलत नसे. मास्तरांना ते इतिहासाच्या तारखेएवढंच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षण लिहायला बसले. ‘कथानक वेगवान’ इथवर लेखणी आली आणि अडली. नीलगड डोळ्यांपुढे होतं, दिवाळीही लांब नव्हती. मास्तरांना चक्क भीती वाटली. तरी त्यांनी लिहिलं: ‘एका रात्रीत बुडालेल्या खोऱ्यातील माणसे कोठे गेली, हे लेखकाने सांगितलेले नाही. आमच्या घरी हा प्रश्न निघाला. ज्यांना बुडवून तळे झाले त्यांनाच लेखक विसरला आहे.’ मन बदलायच्या आत ते पाकीट टाकून आले. येताना छाती दोन बोटं फुगली होती.

बाराव्या दिवशी नीलगड परत आलं. वर ‘साभार परत’, आत न छापलेलं परीक्षण घडी करून ठेवलेलं. मास्तर ओसरीवर बसले. पुढ्यातला चहा निवून गेला.

“काय आलंय?” धोंडाबाईनं विचारलं.

“माजी गोष्ट. मी लिवलेली. छापत न्हाईत.”

“तू लिवलेली? आन् मला वाचून दावली न्हाईस?”

“छापून आल्यावर वाचनार हुतो.”

“आता वाच.” तिनं सूप ओढून घेतलं.

मास्तरांनी वाचायला घेतलं. आपलेच शब्द, आवाज आपोआप चढला. धोंडाबाईनं प्रधानाच्या नावानं एक खडाही भिरकावला. तिसऱ्या प्रकरणात राजाच्या वाढदिवसाला ऋषींनी कमंडलू उपडा केला, दोन डोंगरांमधलं खोरं पाण्यानं भरलं, आणि राजा चांदीच्या होडीत बसला. इथं मास्तरांचा आवाज खाली आला. पुढचं पान त्यांना पाठ होतं. त्यात खोऱ्यातलं एकही माणूस नव्हतं.

ते थांबले. आता ती विचारणार, म्हणून मान खाली घालून बसले. धोंडाबाईनं विचारलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

“ठावं न्हवतं,” ती म्हणाली, “तर मला इचारायचं हुतंस.”

मास्तरांनी ते पान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

“सांग.”

“वड्याच्या कडंला पयलं घर बहिरूचं,” धोंडाबाई म्हणाली. “दोन खनांचं. म्होरं फनस हुता.”