सतरा नंबरच्या पेशी

सतरा नंबरच्या पेशी निघाल्या चारशे बारा, आणि नियम पाचशेचा. त्याहून कमी पेशी हाती लागल्या तर तो रुग्ण अभ्यासातून बाद, असं प्रयोगशाळेत सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. पण हा किमान आकडा संगणकात भरायचं काम तिचं, आणि पठ्ठीनं खुशाल चारशे भरला!

का? तर सतरा नंबर म्हणजे तिचा नवरा. कोरोनात इस्पितळात भेटायला सोडत नव्हते. फोनवर धापा टाकत म्हणाला होता, "संशोधनाला रक्त दिलं बरं का. नळीवर सतरा लिहिलंय. तुमच्याकडेच येणार, नीट बघ." चौथ्या दिवशी तो गेला. नळी तेवढी आली. नंबर कुणाचा हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. तिला कळलं होतं, आणि दोन वर्षं तिनं कुणापाशी ब्र काढला नाही.

पडद्यावर जनुकं म्हणजे ठिपके. कोण कोणाला जागं करतं, कोण कोणाला गप्प बसवतं, त्याच्या रेघा. दगावलेल्यांच्या पेशींत "आता पुरे" सांगणाऱ्या जनुकाची रेघच तुटलेली, त्यामुळे विषाणू संपला तरी पेशी आपल्या लढतच राहिलेल्या. शोध मोठाच होता. पण ती रोज आधी सतरा नंबर उघडून बघायची आणि मग चहा घ्यायची.

सोमवारी प्रमुख बाईंनी विचारलं, "चारशे का गं? पाचशेवर चालवून दाखव. रेघा हलल्या तर सगळंच मुसळ केरात."

तिनं पाचशे भरले. सतरा गेला. आणि खरं सांगायचं तर ती मनात म्हणत होती, बिघडू दे! मेली एखादी रेघ तरी हलू दे. मेहनत पाण्यात गेली तरी चालेल, पण त्याच्यावाचून कुठेतरी अडू दे.

एकही रेघ हलली नाही.

"शाब्बास! काम पक्कं आहे," बाई म्हणाल्या.

घरी पोचते तोच सासूबाईंचा फोन. रक्त दिल्याचं त्यानं त्यांनाही सांगितलं होतं, नंबर मात्र नाही. दर आठवड्याला त्यांचा एकच प्रश्न. "काही उपयोग झाला का गं त्याच्या रक्ताचा?" ती दर वेळी "कळेल" म्हणायची.

"नाही झाला, आई. आज काढून टाकलं मी त्याला. सतरा नंबर होता त्याचा. रोज बघायचे मी."

पलीकडून म्हातारी रडत रडत कडाडली, "दोन वर्षं एकटीच बघत बसलीस? मी काय मेले होते?"