हात तर वर जातो

पाय मोडला की प्लास्टर दिसतं, डोकं फुटलं की पट्टी दिसते. खांदा आतून फाटला तर काय दिसतं? धडधाकट बाप्या, दोन्ही हात जागच्या जागी, आणि तोंडाने नुसतं ‘आई गं’. अशा माणसावर जग विश्वास ठेवत नाही. सख्खा भाऊ तर मुळीच ठेवत नाही, कारण शाळा बुडवण्यासाठी केलेली सगळी सोंगं त्याला पाठ असतात.

दोघे भाऊ रंगारी. थोरला भिंती आणि गिऱ्हाईक सांभाळायचा, धाकट्याकडे छत. तो उंच, म्हणून छत त्याचं, असं बापाने ठरवून दिलेलं. बाप गेला, छत धाकट्याच्याच डोक्यावर राहिलं. दिवसभर मान मागे टाकून, हात डोक्याच्या वर धरून रोलर फिरवायचा, आणि डोळ्यांत ठिपके झेलायचे.

एका शाळेचा हॉल चालू होता. धाकट्याच्या पायाखालची शिडी सरकली. तो पडला नाही. वरच्या पाइपाला उजव्या हाताने लोंबकळला. खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. खालून शिडी परत लावल्यावर पोटाशी हात धरून तो खाली उतरला.

थोरल्याने लगेच एक्स-रे काढायला लावला. हाड शाबूत.

“हाड शाबूत म्हणजे माणूस शाबूत,” थोरला म्हणाला आणि मलमाची ट्यूब आणून दिली. संपला इलाज.

पण हात काही वर जाईना. कंगवा डाव्या हाताने. शर्टाची बाही बायकोने धरायची. उजव्या कुशीवर वळला की कळ, म्हणून झोप नाही. रोलर छातीपर्यंत आला की हात थरथरायचा, खांदा कानाला भिडायचा आणि गाडी तिथेच अडायची.

चहाच्या सुट्टीत थोरल्याचं डोकं सटकलं. “इकडे ये,” म्हणत त्याने कामावरच्या सगळ्या माणसांसमोर धाकट्याचं मनगट धरलं आणि हात उचलला. हात गेला की! थेट छताकडे, कुठेही न अडता.

“बघा रे, हात तर वर जातो! खांदा आखडला असता तर असा गेला असता का? ह्याला दुखणं नाही, ह्याला छताचा वीट आलाय.”

आणि त्याने मनगट सोडलं. हात धप्पकन खाली आला.

“काय पडला! नाटकात घाला ह्याला,” पुट्टीवाला म्हणाला. सगळे खिदळले. धाकटा उठला, शिडीवर चढला आणि डाव्या हाताने उजव्या कोपराला टेकू देत राहिलेलं छत मारून संपवलं. थोरल्याने खालून बघितलं. मनात म्हणाला, बघ, जमतंय की.

शेवटी धाकट्याची बायकोच त्याला हाडांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. थोरला सोबत गेला, खरं तर आपलं खरं करायला.

डॉक्टरणीने धाकट्याचं मनगट धरून हात बाजूने वर नेला. “आता मी सोडते. तुम्ही तो हळूहळू खाली आणा.”

हात धप्पकन पडला.

हे थोरल्याने पाहिलं होतं. असंच, याच हाताचं. पाहिलं आणि हसला.

“खांदा आखडलेला असेल तर दुसऱ्याने उचलूनही हात पूर्ण वर जात नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “यांचा मी उचलला की जातो, स्वतः उचलला की नाही. म्हणजे सांधा मोकळा आहे, हात उचलणारी स्नायूची दोरी तुटलीय बहुतेक. एक्स-रेत ती दिसत नाही. एमआरआय करू. लागल्यावर वर हात करून काम केलंत?”

थोरला बघत राहिला. आता हा सांगणार.

“थोडंसं,” धाकटा म्हणाला.

एवढंच. आणि थोरला, दिवसभर ज्याची जीभ कात्रीसारखी चालायची, तो गप्प बसला.

दोरी पुरती तुटलेली निघाली. ऑपरेशन झालं. “टोक मागे सरकलं होतं, ताणून शिवलंय,” डॉक्टरीण म्हणाली. “टाके धरले तर हात येईल.”

पुढचा धडा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिला. धाकट्याने उताणं पडायचं, दुसऱ्याने त्याचा हात अलगद उचलायचा, बाई दाखवतील तेवढाच. धाकट्याने जोर लावायचा नाही, हात सैल सोडायचा. जोर लावला तर टाक्यांवर ताण. बायको दिवसा कारखान्यात, म्हणून हे काम थोरल्याकडे आलं.

बायकोने उचलला की हात कणकेसारखा सैल. थोरल्याने धरला की लाकूड.

“सैल सोड ना रे!”

“सोडतोय.”

“कुठे सोडतोयस? टाके तुटतील!”

“मी काय मुद्दाम करतोय, दादा? तू धरलास की आपोआप होतं.”

थोरला पुटपुटला, “चुकलं माझं.” धाकट्याने छताकडे पाहिलं. हात लाकडाचं लाकूड.

त्या संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर हे कळलं तशी भावजयीने चहाचा कप थोरल्यासमोर आपटला. “भाऊजी, अब्रू काढलीत चारचौघांत, आणि माफी दार लावून? हे कुठलं माप?”

रविवारी कामावरची माणसं भेटायला आली. पुट्टीवाल्याने सवयीने सुरुवात केली, “काय नटसम्राट—”

“गप बस,” थोरला म्हणाला. “नाटक मी केलं. हात पडताना मला दिसला होता. तरी ह्याला शिडीवर चढू दिलं. तुटलेल्या खांद्याने छत मारून घेतलं मी, आणि डॉक्टरणीसमोर तोंड उघडलं नाही. ह्याने मला झाकलं. तुम्ही हसलात, कारण मी हसवलं.”

पुट्टीवाला कपातल्या सायीकडे बघत बसला.

थोरला पलंगाशी बसला. एक हात मनगटाखाली, एक कोपराखाली. धाकट्याचे डोळे छतावर होते.

“सोडणार नाहीस ना मध्येच?”

“नाही.”

सुरुवातीला लाकूडच. मग कोपराकडून थोडा, दंडाकडून थोडा, हात थोरल्याच्या तळव्यांत उतरू लागला. पूर्ण नाही, खांद्याजवळ अजून एक गाठ धरून होती. पण सैल सोडलेला हात जड असतो, हे थोरल्याला त्या दिवशी कळलं. त्याने तो बाईंनी सांगितला तेवढाच वर नेला, आणि दोन्ही हातांनी, श्वास रोखून, उशीला टेकेपर्यंत खाली आणला.