तिसरा घास

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. अंग काळं-पांढरं, चौकडीचं. आमच्या बाली बेटावर देवळाच्या दारातल्या राखणदार मूर्तींना असंच चौकडीचं जे कापड नेसवतात, त्याला पोलेंग म्हणतात. तेच माझं नाव. आज माझ्या अंगावर जे केस दिसतात, ते मला कुणा मायेच्या माणसाने दिलेले नाहीत. ते माझ्या वैरिणीने दिले, आणि सूड म्हणून दिले. मला तिच्यावर जो उगवायचा होता, तो मात्र राहून गेला.

मी जन्मलो एका टपरीमागे. रस्मिनी तिथे कोंबडी-भात विकायची. तिचा नवरा आर्ताना शेजारीच मोटरसायकली दुरुस्त करायचा. त्याने मला एका हाताने उचललं, पोटाला फुंकर घातली आणि घरी नेलं. मग काय, राजाचं खाणं सुरू झालं. कोंबडीच्या माना, कोंबडीचे पाय, भांड्याच्या तळाशी लागलेला मसालेदार भात. मी खाल्लं, वाढलो, वेशीपर्यंतची सगळी कुत्री मला वाट द्यायची.

आणि मग खाज आली.

आधी पंजांना. मी पंजे चाटायचो, चाटून चाटून पांढरे पंजे तांबडे झाले. मग कानात, मग काखेत, मग पोटावर. तुम्हाला डास चावतो तेव्हा तुम्ही खाजवता आणि सुटता. माझी खाज खाजवल्याने सुटत नव्हती, ती खाजवण्यावर पोसत होती. मागचा पाय दमला की मी नारळाच्या खोडाला अंग घासायचो, खोडाला माझे केस लागायचे. पाठीवर काळं, पांढरं आणि मधे उघडं गुलाबी, असे तीन रंग झाले. अंगाला वास मारायला लागला. टपरीवरची गिऱ्हाइकं ताट उचलून दुसऱ्या बाकावर जायची.

"रस्मिनी, तुझ्या कुत्र्याला पण मसाला लावून ठेवलायस का?" शेजारची मेन कोरी म्हणायची. मेन कोरी म्हणजे कोरीची आई. पण कोरी लग्न होऊन गेली आणि आईची जीभ तेवढी गावात राहिली.

घरात एक म्हातारी होती. आर्तानाची आई. घरचे तिला मेमे म्हणत, म्हणजे आईच. गाव तिला दादोंग म्हणे, म्हणजे आजी. काटकुळी, ताठ, तोंडात कायम विड्याचा लाल रस. एका सकाळी तिने मला दोरीने खांबाला बांधलं. आर्तानाच्या कामातलं जळकं काळं तेल तिने डब्यात आणलं होतं, त्यात गंधक कालवलेलं.

"मेमे, कशाला?" आर्ताना म्हणाला.

"माझा बाप असंच करायचा. आठ दिवसांत कुत्रं नव्यासारखं."

"तुझ्या बापाची कुत्री किती जगायची?"

"ते कुणी विचारायचं नसतं," म्हातारी म्हणाली आणि तिने डबा माझ्या उघड्या कातडीवर ओतला.

मित्रांनो, विस्तव काय असतो ते चुलीला विचारू नका, मला विचारा. मी ओरडलो, दोरी ताणली, अंगावरचं ते तेल चाटलं आणि ओकत पडलो. आर्तानाने मला ओढ्यावर नेऊन भांड्यांच्या साबणाने धुतलं. मी पाण्यात उभा राहून एकच गोष्ट पक्की करत होतो. हिला सोडायचं नाही.

चावलो असतो तर घराबाहेर गेलो असतो. कुत्र्याचा सूड दातांत नसतो, मित्रांनो, तो पाळतीत असतो. मी पाळत ठेवली आणि तिचं दुखतं ठिकाण मला सापडलं.

आमच्याकडे चूल पेटून स्वयंपाक झाला की घरातल्या कुणीही जेवण्याआधी केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूट चिमूट वाढतात. जे शिजलं असेल ते: भात, भाजी, कोंबडीचा धागा. एक चुलीपाशी, एक पाण्यापाशी, एक दारात जमिनीवर. दादोंग पानं मांडत जायची आणि पुटपुटायची:

पहिला घास चुलीला गं, दुसरा घास पाण्याला,
तिसरा घास मातीला गं, मातीखालच्या भुकेल्याला.

मातीखालचे भुकेले म्हणजे भुतं. त्यांना जेवू घातलं की ती घरात शिरत नाहीत. सगळी पानं मांडून झाली की ती परत फिरून प्रत्येकावर तीर्थ शिंपडायची. तीर्थ पडलं, उदबत्ती विझली, की मग ते पान कोंबड्यांनी खावं, मुंग्यांनी खावं, कुत्र्यांनी खावं; कुणाला काही वाटत नाही. पण तीर्थ पडायच्या आधी कुणी तोंड लावलं, तर ते उष्टं. ते सगळं पुन्हा करायचं.

मी रोज दारातलं पान तीर्थाआधी खायला लागलो.

"मेल्या, तुझ्या तंगड्या मोडोत," ती ओरडायची. पुन्हा पान कापायची, पुन्हा वाढायची. तिचे गुडघे वाकताना कटकट वाजायचे. तो आवाज माझ्या जखमांवरचं लोणी होता. ते नवं पानही कधी कधी मी गाठायचो.

तेवढ्यात रस्मिनीला मुलगी झाली. नाव ठेवलं सेकार, म्हणजे फूल. आमच्याकडे तान्ह्या मुलाचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. तिसऱ्या महिन्यात विधी होतो, तेव्हा ते पहिल्यांदा मातीवर टेकवतात. तोवर मूल हातोहाती.

"ही जमिनीवर उतरायच्या आत त्याला केस आले पाहिजेत," दादोंगने आर्तानाला बजावलं. "नाहीतर त्याला बाजारापलीकडे सोडून ये. ज्या मातीवर हे खपल्या झाडतं, त्या मातीवर माझी नात पाय ठेवणार नाही."

रस्मिनीने पोरीला छातीशी जरा उंच धरलं, ते मला दिसलं.

आर्तानाने मला मोटरसायकलवर पुढ्यात बसवून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. इबू विदारी नाव, इबू म्हणजे बाई. त्यांनी माझी कातडी खरवडून काचेखाली बघितली, कानात बघितलं, केस उलटे करून पिसवा शोधल्या.

"खरूज नाही. अॅलर्जी दिसते," त्या म्हणाल्या. "हा काय खातो?"

"कोंबडी."

"आणखी?"

"आणखी कोंबडी."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "त्याच्या अंगाला तीच सोसत नसावी. खात्री करायची तर एकच रस्ता. त्याने कधीच खाल्लं नाही असं काहीतरी द्या. दोन महिने तेच, दुसरा कण नाही. औषधाचा साबण देते, खाज दबायच्या गोळ्या देते. पण एक कणही नाही, कळलं ना? घरात आणखी कोण काय घालतं त्याला?"

घरी येऊन आर्तानाने सगळ्यांना विचारलं. रस्मिनी म्हणाली, नाही. दादोंग म्हणाली, "मी या मेल्याला? मी घातलं तर विषच घालीन." सगळे खरं बोलत होते.

मग आर्ताना संध्याकाळी भातखाचरांत सापळे लावून चिखलातल्या वामी धरायला लागला. उकडलेली वाम आणि रताळं, हे माझं नवं ताट. दिवसभर ग्रीसमध्ये हात, संध्याकाळी चिखलात. मी ताट चाटूनपुसून साफ करायचो. आणि सकाळी दारातल्या पानावरचा सूडही चुकवायचो नाही. तो माझा हक्क होता.

खाज हलली नाही. गोळ्यांनी दोन दिवस दबायची, पुन्हा यायची. आर्ताना माझ्या पाठीवर हात फिरवायचा आणि नव्या केसांऐवजी नव्या खपल्या त्याच्या बोटांना लागायच्या. विधीचा दिवस जवळ येत होता.

अशात दादोंगची बहीण वारली. मोठ्या घरचं दहन, तयारी लांबलचक. म्हातारी बहिणीच्या गावी जाऊन राहिली. घरातली पानं रस्मिनी मांडायला लागली. तिच्याशी माझं वैर नव्हतं. पोट वामीने भरलेलं होतं. मी दारात पडून राहिलो, ते पान कोंबड्यांनी नेलं.

आणि मित्रांनो, मी झोपलो. न खाजवता, मागचा पाय न झाडता. पाठीवर मऊ लव आली. आर्ताना शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा, जसं काही ते पीक त्यानेच लावलं होतं.

मग दादोंग परतली. तिच्या पावलांचा आवाज ऐकताच माझा जुना राग अंगात उभा राहिला. दुसऱ्या सकाळी मी तीर्थाआधी पान साफ केलं. आठवडा संपायच्या आत मी पुन्हा रक्त निघेतो खाजवत होतो.

मेन कोरीने हे टपरीवर बसून पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. "म्हातारी गेली, कुत्र्याला केस आले. म्हातारी आली, केस गेले. मी काही म्हणत नाही बाई. पण जनावराला जे दिसतं, ते माणसाला दिसत नाही."

"काय दिसतं?" कुणीतरी विचारलं.

"मी काही म्हणत नाही म्हटलं ना."

आमच्याकडे एवढंच पुरतं. ओढ्यावर बायका दादोंगला जागा करून द्यायला लागल्या, जरा जास्तच जागा. चेटकीण हा शब्द कुणी तोंडावर उच्चारला नाही. पण एक दिवस दादोंगने सेकारला मांडीवर घेतलं, तेव्हा रस्मिनी घाईने आली.

"द्या इकडे, मेमे. तिला झोप आलीय."

पोर टक्क जागी होती. दादोंगने ती दिली. नंतर कितीतरी वेळ तिचे हात मांडीवर तसेच वाकडे राहिले, पोर अजून तिथे असावी तसे.

तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं. नाही वाटलं. मी खांबाशी पडून बघत होतो आणि मला वाटलं, जळकं तेल असंच लागतं बरं, म्हातारे.

दुसऱ्या सकाळी तिने दारातलं पान मांडलं आणि ती पुढे गेलीच नाही. घरात जाऊन तरी काय करायचं होतं, पोर कुणी देणार नव्हतं. ती पायरीवर बसली. मी तिच्या समोर आलो. तिच्या डोळ्यांत बघत, मुद्दाम सावकाश, मी पानावरचा कोंबडीचा धागा उचलला आणि गिळला.

ती नेहमीसारखी ओरडली नाही. ती पानाकडे बघत राहिली, मग माझ्या पाठीकडे.

"आर्ताना, इकडे ये. डॉक्टरीणबाईंनी याला काय बंद केलंय?"

"कोंबडी."

"मग याने आत्ता काय गिळलं?"

आर्तानाने पान बघितलं. "मेमे, ते भुतांचं आहे."

"भुतांना खाज सुटलेली कधी दिसली का तुला?"

इतके दिवस सगळ्यांनी माझं ताट बघितलं होतं. त्या पानाला अन्न म्हणून कुणी मोजलंच नव्हतं. दारात रस्मिनी पोरीला घेऊन उभी होती. तिनेही ऐकलं.

दादोंग माझ्याकडे वळली. "तुझ्यापायी लोक मला चेटकीण म्हणाले," ती हळूच म्हणाली, "माझी नात माझ्या हातातून काढून घेतली. थांब. तुझी खाज घालवूनच सूड उगवते तुझ्यावर."

तिने तो उगवला. घास देणं तिने थांबवलं नाही. जे शिजतं ते मातीला द्यायचंच. पण रोज सकाळी ती दारातल्या पानाशेजारी बांबूची काठी घेऊन बसायची. तीर्थ पडायचं, उदबत्ती राख व्हायची, मग ती पान उचलून कोंबड्यांपुढे टाकायची. मी समोर बसायचो. आम्ही एकमेकांकडे टक लावून बघायचो. मी पुढे सरकलो की काठी जमिनीवर आपटायची. ती वळेल म्हणून मी वाट बघायचो, ती वळायची नाही.

अंघोळही तिनेच हाती घेतली. औषधाचा फेस अंगावर मुरेपर्यंत धुवायचा नसतो. तेवढा वेळ ती माझी मानगूट धरून तेच गाणं पहिल्या घासापासून पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या घासाला माझा कान जरा पिळायची.

विधी जवळ आला तेव्हा माझ्या पाठीवर काळं आणि पांढरं एवढे दोनच रंग होते. त्या सकाळी रस्मिनीने पोर दादोंगच्या हातात दिली. माफी वगैरे काही मागितली नाही. "धरा जरा, मेमे. माझा भात उतू चाललाय." भात केव्हाच उतरलेला होता.

सेकारचे पाय मातीला टेकवले ते दादोंगनेच. मी खांबाआड उभा होतो. म्हातारीने मान न वळवता म्हटलं, "पड तिथेच. कुठे जाऊ नको." मेन कोरी पहिल्या पंगतीला जेवायला होती. दादोंगने तिला स्वतः वाढलं, आणि इतकी मिरची वाढली की त्या दिवसापुरती तरी ती जीभ गप्प झाली.

मित्रांनो, खाज पुरती कधीच जात नाही. भात फुलावर आला की मी अजून पंजे चाटतो, आणि पिसवा झाल्या की पाठ पुन्हा पेटते. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. तुमचं जनावर खाजवायला लागलं तर त्याच्यावर तेल, रॉकेल, बापजाद्यांचं काही ओतू नका. त्याला हाकलू नका. जाणत्याला दाखवा. आणि घरी येऊन त्याच्यासमोर बसा, ते दिवसभर काय काय तोंडात घालतं ते बघा. माझ्या वैरिणीने तेवढंच केलं होतं.

दादोंगची राख समुद्रात गेली, त्यालाही आता काळ लोटला. पानं सेकार मांडते. शाळेची घाई असते तिला. दारात पान ठेवते, उदबत्ती खोचते आणि पळते. काठी घेऊन कुणी बसत नाही. पानावर कोंबडीचा धागा असतो आणि माझ्या नाकाला तो अजून तसाच गोड लागतो.

मी तोंड लावत नाही. तेलाचा हिशेब मी विसरलेलो नाही, तिला माफही केलेलं नाही. पण खाल्लं, तर खाज सुटेल, केस जातील आणि तिचा डाव मोडेल. तिला हरवायचं होतं ते डोळ्यांत बघून. ती इथे नसताना तिच्या माघारी नाही.