चाक घे, ग्लेन

मला जन्मात कधी बोट लागली नाही. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून राबले, शेवंडांचे पिंजरे ओढले, कुजकं आमिष हाताळलं. बास सामुद्रधुनीत वारा फिरला की चांगले धिप्पाड बाप्ये कठड्याला लोंबकळून पोट रिकामं करायचे आणि मी शेजारी बसून गार मटणाचं सँडविच खायचे. त्या मला साठीला आल्यावर बोट लागली, तीही माझ्याच बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. आमच्या स्टॅन्ली बंदराच्या धक्क्यावर ही बातमी पोचली असती तर तोंड दाखवायची सोय उरली नसती.

नेव्हिलचं उलटं होतं. माझा नवरा बोट चालवणारा तांडेल, त्याचा बाप तांडेल, आजाही तांडेल, आणि तरी त्याला बोट लागायची. चाक हातात असलं की काही होत नसे. चाक दुसऱ्याला देऊन मागे बसला की थोड्या वेळात चेहरा हिरवट पडायचा. म्हणून तो चाक कुणाला देतच नसे. बंदरावर सगळे म्हणायचे, नेव्हला भारी मिजास, बायकोलाही चाकाला हात लावू देत नाही. मी ऐकून घ्यायचे. खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

एखादा नवा गडी मळमळायला लागला तर मात्र नेव्ह त्याला म्हणायचा, "हिरवा पडलायस. चाक घे." आमच्याकडे सगळ्या बोटींवर हाच उपाय. चाक हातात आलं की येणारी लाट अंगाला आधी कळते आणि पोट निवळतं. गड्याला बरं वाटेपर्यंत नेव्ह स्वतः दात आवळून, क्षितिजाकडे बघत उभा राहायचा. कुणाला काही कळू द्यायचा नाही.

मग त्याच्या नसांना तो आजार जडला. आधी पाय गेले, मग हात जायला लागले, आवाज बारीक झाला. हे थांबणार नाही, असं डॉक्टरांनी सरळच सांगितलं. आम्ही बोट विकली, त्याचा पलंग बैठकीच्या खोलीत आणला. काम सोडल्यावर त्याच बोटीने दक्षिणेला पोर्ट डेव्हीच्या खाडीपर्यंत जायचं आमचं ठरलं होतं, पिंजरे न घेता, नुसतं दोघांनी. ते राहून गेलं. नेव्ह त्याबद्दल बोलत नसे आणि मीही विषय काढत नसे.

आमची मुलगी टेगन लॉन्सेस्टन शहरात असते. एका रविवारी ती डोळ्यांवर बांधून आभासी जग बघायचे दोन हेडसेट घेऊन आली.

"बाबा, यात बोट आहे," ती म्हणाली.

"खेळण्यातली?"

"चालवून तर बघ. नाही आवडलं तर आई कपाटात टाकेल."

"तुझी आई मलाच कपाटात टाकायला बघतेय."

तिने ते डबडं त्याच्या डोळ्यांवर बांधलं, उशीवर हात ठेवून अंगठ्याखाली बटण दिलं. मग नेव्ह हसला. आजारपणानंतर मी त्याचं ते हसणं ऐकलंच नव्हतं. "वारा नैऋत्येचा आहे," तो म्हणाला. पलंगावरच्या माणसाला वारा लागत होता आणि मी तिथे उभी राहून रडत होते, हे त्याला दिसलं नाही ते बरंच झालं.

त्या खेळात एका बोटीवर दोघांना बसता यायचं. टेगनने मला दुसरं डबडं बांधलं आणि मी डोळे उघडले तर समोर नेव्ह पाठमोरा उभा. खेळातल्या त्या माणसाला टेगनने निळी टोपी घातली होती. चेहरामोहरा काही त्याचा नव्हता, पण तो दोन पायांवर उभा होता आणि दोन्ही हात चाकावर होते. मी त्याच्या मागच्या बाकावर बसले. बोट पहिल्या लाटेवर चढली, उतरली, आणि माझ्या पोटात ढवळलं. खऱ्या बोटीवर डोळ्यांना जे दिसतं तेच तळपायांना कळतं. इथे डोळे म्हणत होते लाट, तळपाय म्हणत होते गालिचा. तिसऱ्या लाटेला मी डबडं ओढून काढलं.

"काय गं, सामुद्रधुनीची राणी," नेव्ह पलंगावरून म्हणाला, "टेगन, आईला बादली दे. आमिषाची दे, ओळखीची आहे तिच्या."

तो इतका खूश झाला की मला रागावताही येईना.

खेळातल्या त्या समुद्रात पश्चिमेला लांब एक बेट होतं. नेव्ह एकटा तिथे जाऊन आला होता. आत शिरायला अरुंद वाट आहे, पलीकडे शांत पाणी आहे, थेट पोर्ट डेव्हीसारखं, असं तो सांगायचा. "एकदा तुला नेतो," म्हणायचा. त्याच्याबरोबर त्या बेटापर्यंत जायचं, एवढंच मला हवं होतं. त्याचा अंगठा हलतोय तोवर.

मी जिद्दीला पेटले. टेगनने शोधून शोधून सांगितलेलं सगळं केलं. उभं न राहता खुर्चीत बसायचं. तोंडावर टेबलफॅन सोडायचा. आल्याची बिस्किटं चघळायची. पोटात जरा हललं की लगेच थांबायचं, रोज थोडं थोडं वाढवायचं. बाकी सगळं जमलं, लगेच थांबणं काही जमलं नाही. तो पुढे उभा असायचा ना. त्याची पाठ सोडून खोलीत परत यायचं आणि पलंगावरचा नेव्ह बघायचा, हे माझ्याच्याने होत नसे. मी ताणत राहायचे आणि मग संध्याकाळभर बाथरूमच्या फरशीवर बसायचे. पुढे पुढे तर आल्याच्या वासानेच उमळायला लागलं. बेटापर्यंतची अर्धी वाटही आम्ही कधी गाठली नाही.

एकदा मी भांडी विसळत होते तेव्हा टेगन म्हणाली, "आई, सगळीकडे लिहिलंय, जो चालवतो त्याला त्रास होत नाही. चाक तू का घेत नाहीस?"

"हळू बोल."

"पण साधी गोष्ट आहे."

"हे तू मला शिकवतेस? तुझ्या बापाकडे हलवायला एक अंगठा उरलाय. तेवढ्या अंगठ्यावर तो अजून तांडेल आहे. चाक काढून घेऊ त्याच्याकडून? मी ओकेन नाहीतर काही करेन, तुझं काय जातंय?"

टेगन रडायला लागली. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण मी भांडीच आपटत बसले. आमचं घर लहान आहे. नेव्हने ऐकलं असणार.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा निघालो. बोट त्या दिवशी नीट जात नव्हती, उगाच उजवीकडे ओढली जात होती. मी तोंड मिटून बसले होते.

"ग्लेन," तो म्हणाला, "चाक घे."

"मला काही झालेलं नाही."

"हिरवी पडलीयस."

"डबडं बांधलंय डोळ्यांवर तुझ्या. तुला काय दिसणार?"

"श्वास ऐकतोय तुझा. इतकी वर्षं ऐकतोय. घे आता. अंगठा वळत नाहीये माझा."

मी माझ्या हातातलं बटण दाबून चाक घेतलं. काय सांगू, पोट जागच्या जागी थांबलं. लाट येताना दिसली, मी वळवलं, बोट वळली, आणि मी पुन्हा पूर्वीची बाई झाले. मला बोलायचं इतकं भरतं आलं की थांबता येईना. ढग सांगितले, पक्षी सांगितले, त्याच्या चालवण्याची खोड काढली. मग समोर बेट दिसलं, झाडांसकट. "नेव्ह, आलं बघ," मी म्हणाले. तो "हं" म्हणाला. तो आता मागच्या बाकावर होता, माझ्या जागेवर, आणि चाकावरच्या माणसाने मागे बघायचं नसतं. अरुंद वाट दिसायला लागली. मी पुन्हा हाक मारली. घुसमटल्यासारखा एक आवाज आला. तो खेळातला नव्हता.

मी डबडं फेकलं. त्याला उलटी झाली होती आणि ती बाहेर टाकायची ताकद घशात नव्हती. मी त्याला कुशीवर वळवलं, घशातलं ओढून घ्यायची नळी लावली, फोन केला, शेजारच्या गल्लीतली नर्स एल्सा धावत आली. त्या दिवशी तो वाचला. ते डबडं त्याला पुन्हा लावायचं नाही, असं एल्साने बजावलं. त्याच्यासाठी आता एक उलटी म्हणजे जिवाशी गाठ होती. अंगठा गेला म्हणजे चाक गेलं, आणि चाक हातात नसेल तर त्याला उलटी होणारच, हे मला कुणी सांगायला नको होतं.

संध्याकाळी मी त्याच्या तोंडाशी कान नेला. "तुला माहीत होतं ना? चाक सोडलं की काय होतं ते?"

"माहीत होतं," तो कुजबुजला. "वाटलं, बेटापर्यंत तग धरेन."

त्याच्या डोक्याशी बसून मी ढसाढसा रडले. त्याला माझे डोळेही पुसता येत नव्हते.

थंडी सरायच्या आत तो गेला. धक्क्यावरचे सगळे आले होते. नेव्हने शेवटपर्यंत चाक कुणाच्या हाती दिलं नाही, असं म्हणत त्यांनी बिअरचे ग्लास उचलले. मी मान डोलावली.

टेगन फोनवर म्हणते, "आई, तू तरी ते बेट बघून ये. चाक आता तुझ्याच हातात, त्रासही होणार नाही." मी दुपारी डबडं बांधते. बोट जिथे सोडली तिथेच आहे, बेटाच्या तोंडाशी. चाकाजवळ कुणी नाही. मी चाकाला हात लावत नाही, मागच्या बाकावर माझ्या जागेवर जाऊन बसते. फॅन बंद ठेवते. बादली पायाशी घेते आणि तो चाकावर असताना लागायची तशी पुन्हा एकदा बोट लागेल म्हणून वाट बघते. पण चाकावर कुणी नसलं की बोट हलतच नाही. पोट अगदी शांत असतं.