फुगलेली पिशवी आणि आजींचा दमा

"फुगली! आणखी फुगली!"

गोठ्यामागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध माणसाएवढी प्लॅस्टिकची पिशवी पोट पुढे काढून उभी होती. चारच दिवसांपूर्वी वहिनींनी तिच्यात बारीक केलेलं गवत आणि चवळीचा पाला भरला होता. तुडवून तुडवून हवा काढली होती, तोंड घट्ट बांधलं होतं. दुभत्या गाईंसाठी मुरघास, म्हणजे मुरवलेला चारा. तेव्हा पिशवीला सुरकुत्या होत्या. आज ती तट्ट फुगली होती आणि तिच्यापुढे फुंकरबाबा डोळे मिटून डोलत होते.

"आत प्राण अवतरलाय! पाहा, कसा श्वास घेतोय!"

बाबांनी पिशवीला भोक पाडलं. फुस्स! जोर ओसरल्यावर त्यांनी भोकाखाली अलगद मेणबत्ती धरली. विझली. दुसरी धरली. तीही गेली.

"ज्योत प्राशन केली!"

शिंपी नाचू लागला, न्हावी त्याच्या खांद्यावर चढला. टाळ्यांचा ठेकाही असा पक्का, की देवाचं नाव गाण्यात हयात गेलेल्या आमच्यासारख्यांचे पायसुद्धा थिरकले.

"हा श्वास छातीत भरला की दमा पळालाच! आहे कोणी भाग्यवान?"

"सरका रे, माझा नंबर!" वहिनींच्या सासूबाई काठी टाकून पुढे आल्या. दम्याने बिचाऱ्या उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपायच्या.

"आई, नको ना!" वहिनींनी हात धरला.

"तू गप गं! धाप मला लागते की तुला?"

बाबांनी भोक चांगलं डोकं जाईल एवढं फाडलं. आजी वाकल्या.

"आजी, थांबा!" गाय तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई शेणाने माखलेला खांद्यापर्यंतचा रबरी हातमोजा तसाच ठेवून गर्दीत घुसल्या. त्या हाताला वाट देताना लोक टुणटुण उड्या मारू लागले. "जिथे मेणबत्ती जगत नाही, तिथे तुम्ही कशा जगाल?"

आजी थबकल्या.

"नास्तिकांना अनुभूती येत नाही!" बाबा गरजले.

"बघू या. वहिनी, काचेचा जग आणा, व्हिनेगर आणि खाण्याचा सोडाही."

दोन्ही ओतताच जगात फसफस झाली. फेस बसल्यावर बाईंनी तो जग पेटत्या मेणबत्तीवर जरासा कलता केला. थेंबही सांडला नाही, पण ज्योत गुल!

"बाबा, आता या जगात कोण अवतरलं?"

"सोडादेव!" शिंपी ओरडला. हशा उसळला.

"बंद पिशवीत सूक्ष्म जंतू चारा आंबवतात, त्यातून हाच कार्बन डायऑक्साइड वायू निघतो," बाई म्हणाल्या. "हवेपेक्षा जड. त्यात ज्योत विझते, माणूस गुदमरतो. ताज्या मुरघासात तर फुप्फुसं जाळणारे वायूही असू शकतात. तरी बाबा, तुमची खात्री असेल तर आधी तुम्हीच घ्या चार श्वास."

बाबा मागे सरकले. "मला... जरा सर्दी आहे."

"मग तर तुम्हीच आधी!" आजी म्हणाल्या. "दमा जिथे पळतो, तिथे सर्दीची काय कथा?"

बाबांनी कुंपणावरून उडी मारली. उपरणं मागे राहिलं, ते तांबड्या गाईने निवांत चघळलं. वहिनींनी धावत भोकावर चिकटपट्टी लावली. हवा शिरली असती तर चारा कुजला असता.

"जरा माझा फुसफुस्या आण गं," आजी धापा टाकत म्हणाल्या. सुनेने दम्याच्या औषधाचा पंप हातात दिला. दोन फुस्स, आणि आजींचा आवाज मोकळा झाला. त्या आवाजात त्यांनी पहिलं काम केलं ते बाबापुढे नाचणाऱ्या शिंप्याला शिव्या घालण्याचं.

गड्यांनो, देवाचं नाव खुशाल घ्या, टाळ्या पिटा, नाचा. पण कोणी चमत्कार दाखवला, तर त्यात आपल्या म्हातारीचं डोकं घालण्याआधी एवढंच विचारा: हे होतं कसं? ते विचारलं म्हणून कुठलाही देव रागावत नाही. रागावतो तो बाबा.