उत्तरेकडचे नारळ

अहवाल चांगला आला त्या दिवसापासून लाबेरिकमामाचे पाय जमिनीवर नव्हते. माजुरो बेटावरच्या आमच्या पत्र्याच्या घरापुढे त्याने फळ्या रचल्या, कोंबड्यांसाठी खुराडी बांधली, आणि रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून थांबवून सांगू लागला की देवाने ऐकलं, आम्ही लोजेमानला परत चाललो. लोजेमान म्हणजे आमचं बेट. मामा लहान असताना बेटावर अणुबॉम्बच्या चाचणीची राख पडली, माणसं बोटीत घालून हलवली, आणि तेव्हापासून आम्ही परक्यांच्या जमिनीवर राहतो. मध्यंतरी सरकारने बेटाच्या दक्षिण टोकाला गाव वसवलं. तिथली वरची माती खरवडून काढली, माडांना पोटॅशियमचं खत घातलं. आमच्या घराण्याची जमीन मात्र उत्तर टोकाला. तिथे खतही नाही आणि राहायची परवानगीही नाही. आता तिथले नारळ तपासणीत स्वच्छ निघाले होते.

तपासणारी मीच. खोबरं वाळवायचं, दळायचं, डब्यात भरून शिशाच्या पेटीत ठेवायचं आणि त्यात किरणं सोडणारं सिझियम किती आहे ते मोजायचं, हे माझं प्रयोगशाळेतलं काम. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. माझी धाकटी बहीण बितिमा पोटुशी होती, आणि ती आणि तिचा नवरा मामाबरोबर तिकडेच संसार थाटणार होते. पण माझा स्वभाव वाईट आहे. चांगली बातमी आली की मला आधी शंका येते.

उरलेले नारळ टाकायला काढले तेव्हा मी त्यातला एक हातात घेतला. टपोरा, जड, खोबरं बोटभर. उत्तरेचे माड मी पाहिलेत. किडकिडे असतात, झावळ्या पिवळ्या. मी पुन्हा आकडे काढून बसले. सिझियम कमी होतं, पण पोटॅशियम भरपूर. झाडाला ही दोन्ही सारखीच वाटतात. उपाशी झाड पोटॅशियम मिळालं नाही की सिझियम ओढून घेतं. पोट भरलेलं असलं तर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हे नारळ पोट भरलेल्या झाडांचे होते. म्हणजे दक्षिणेच्या, खत घातलेल्या.

नमुने गोळा करायला आमच्या शास्त्रज्ञ फेनविकबाई गेल्या होत्या, पण खवळलेल्या समुद्रात त्यांना बोट लागली, म्हणून त्या दक्षिणेच्या गावातच थांबल्या. उत्तरेला छोट्या होडीतून मामा गेला होता.

मी तशीच घरी आले. मामा दोर वळत बसला होता.

"मामा, ते नारळ कुठले रे आणलेस?"

"लोजेमानचे. आणखी कुठले? बस, भात खा."

"भात नको. उत्तरेचेच होते का?"

"पोलिसात लागलीस का गं तू?" मामा हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने दोर खाली ठेवला. "गेलो होतो ना उत्तरेला. पोरांना झाडावर चढवलं. काय निघालं माहितीय? मुठीएवढे नारळ. माझ्या आईच्या जमिनीतले, लिनो. ती बाई एवढ्या लांबून आलेली, ओकून ओकून अर्धी झालेली. तिच्या हातात असलं ठेवू? मग गावातल्या माडांचे चांगले उतरवले. तेही लोजेमानचेच की."

"पिशव्यांवर 'उत्तर' लिहिलं होतं."

"ते तिनेच लिहून दिलेलं. पिशव्या रिकाम्या परत देऊ?"

मला धड रागावताही येईना. आमच्यात पाहुण्याला किडकं फळ देणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. माझी आईसुद्धा तिचा गळा तपासायला येणाऱ्या डॉक्टरांसाठी सगळ्यात मोठा मासा राखून ठेवायची. इतकी वर्षं इथे काढून फेनविकबाईंना हे सुचू नये, याचाच मला जास्त राग आला.

मी मामाला सगळं समजावून सांगितलं. त्याचा चेहरा कडक झाला.

"म्हणजे मी लबाड."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग गप्प बस. माझी मूत्रपिंडं गेली आहेत, हे तुलाच डॉक्टरने सांगितलं. मला तिथे मरायचंय. माझं आता काय बिघडणार?"

"तुझं काही नाही. तू उद्या जाऊन ते नारळ खाल्लेस तरी मी अडवणार नाही. पण बितिमा रोज तेच खाणार, मामा. आणि पोर तिच्या अंगावर पिणार."

"पोराला काय होईल?"

"माहीत नाही. कदाचित काहीच नाही."

तो म्हणाला, "तुझ्या आईलाही असंच सांगितलं होतं. काही होणार नाही म्हणून."

आई गळ्याच्या गाठीने गेली. तिचं नाव आमच्या घरात जपून काढतात, आणि मामाने ते स्वतःहून काढलं होतं. मी म्हटलं, उद्या फेनविकबाईंना सांगते. तो म्हणाला, "तू नाही. मी सांगतो. आधी आपल्या माणसांना."

रविवारी प्रार्थना संपल्यावर तो उभा राहिला. आमच्या घराण्याच्या जमिनीचा तो प्रमुख, त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. त्याने भर चर्चमध्ये सांगितलं की आपण दिलेले नारळ उत्तरेचे नव्हते, परत जाणं आता राहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आत्ता आठवलं का, म्हातारबा?" लोकांनी सामान विकलं होतं, नोकऱ्या सोडल्या होत्या. मामा ऐकत उभा राहिला. मला त्याचा अभिमानही वाटला आणि धाय मोकलून रडावंसंही.

नमुने आणायच्या पुढच्या फेरीला मी बरोबर गेले. पाय सुजलेले असतानाही मामा आलाच. उत्तरेच्या वाळूवर उतरला आणि या झाडापासून त्या झाडापाशी फिरत एकेक नारळ उतरवून घेऊ लागला. प्रत्येक नारळ दोन्ही हातांनी फेनविकबाईंच्या पुढे धरायचा आणि खाली बघायचा.

"रागावू नका, बाई. आमच्याकडे असलेच आहेत."

"मला असलेच हवे होते," त्या म्हणाल्या. मामाला ते पटलं नाही. पाहुणा यजमानाचं मन राखायला असं बोलतो, एवढं त्याला कळत होतं. पुढे आकडे काय येणार ते मला त्या वाळूवरच दिसत होतं, आणि तसेच आले: सिझियम भरपूर, घर बांधायला परवानगी नाही.

बाई पिशव्या घेऊन होडीकडे गेल्या. मामा आपल्या आईच्या माडाखाली बसला. त्याने एक नारळ सोलला, फोडला आणि खोबरं खरवडून खाऊ लागला. मी शेजारी बसून हात पुढे केला. समोर माणूस असताना एकट्याने खाणं आमच्यात कुणी करत नाही. मामाने तर आयुष्यात कधी केलं नव्हतं.

त्याने माझी बोटं मिटून हात परत माझ्या मांडीवर ठेवला. "तुला नाही, पोरी," म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ करून उरलेलं एकट्याने खाल्लं.